आमच्या खो-खोच्या पोरी आणि ऑब्झर्व्हर मॅडम

घाबरट माणसाजवळ किस्से फार साचतात. धीट माणूस एखादी गोष्ट घडली की ती तिथेच टाकून पुढे चालू लागतो. घाबरट माणूस तीच गोष्ट घरी नेतो, जेवताना आठवतो, अंथरुणावर आठवतो, आणि पुढे कधीतरी मित्रांना सांगायला बसतो तेव्हा तिच्यातला एक शब्दही हरवलेला नसतो.

मी घाबरट आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका डिग्री कॉलेजात पोलिटिकल सायन्स शिकवतो. वर्गात मूलभूत हक्क समजावून सांगतो, आणि प्रिन्सिपालांच्या केबिनची घंटी वाजली की हातातला खडू टाकून सरळ उभा राहतो. त्यात गेल्या वर्षी खेळाडूंची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून किस्स्यांना तोटा नाही. चहा येईपर्यंत थोडे सांगतो.

*

ती जबाबदारी मला कशी मिळाली, इथूनच सुरुवात करू.

प्रिन्सिपाल साहेबांनी बोलावलं. बसवलं. पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे.

"सर, तुमी भेता न?"

"कशाला सर?"

"सगळ्यालेच."

खोटं कशाला बोलायचं? मी "हो सर" म्हणालो.

"म्हणूनच तुमाले बलावलं. मागच्या सरले भेव नावाची चीज नव्हती. आता कुठं हायेत ते?"

मागचे सर कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. एका कबड्डीपटूच्या जागी त्याचा मावसभाऊ पेपर लिहीत होता. स्क्वाड आलं, डमी धरला. सरांनी 'खेळाडू वर्गाला बसतात, स्वतः परीक्षा देतात' म्हणून दस्तखत केलेली होती. त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की तिथून ते आम्हाला फोनसुद्धा करत नाहीत.

"एक डमी सापडला की पूर्ण टीम वर्षभर घरी," साहेब म्हणाले. "ज्याइनं इमानानं पेपर लिहिला ते बी घरी. आता दस्तखत तुमची."

त्यांनी पेन पुढे केला. हात इतका थरथरत होता की माझी सही मला ओळखू येईना. साहेब सहीकडे पाहून खूश झाले.

"बरोबर माणूस निवडला," म्हणाले.

*

खेळाडू ओळखणं हे पहिलं संकट.

आमच्या खो-खोच्या पोरी सकाळी मैदानावर, दुपारी मैदानावर, मॅच असली की गावाबाहेर. मला त्या चेहऱ्याने कमी आणि पाठीवरच्या नंबराने जास्त माहीत. एक दिवस मी हट्टाने सगळ्या टीमला वर्गात बोलावलं. मैदानावरून तशाच आल्या, जर्सी घालून. मी हाजिरी घेऊ लागलो.

"पल्लवी?"

ही यंदाच दुसऱ्या कॉलेजातून आलेली. बहिणीकडे राहायची आणि वर्गाला कधी फिरकायची नाही. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून उभी राहिली. मी डोळे बारीक करून पाहतो आहे, आठवत नाही. तिला बिचारीला माझी अडचण कळली. तिने शांतपणे वळून माझ्याकडे पाठ केली.

नऊ नंबर.

"हां, पल्लवी," मी म्हणालो, आणि हाजिरी लावली. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पाठ नीट पाहून घेतली, चेहरा मात्र पाहायचा राहिला तो राहिलाच.

*

टीमची कॅप्टन सुरेखा मात्र मला नीट माहीत. नार्नूरची. वडील वांगी, टमाटे लावतात आणि उटनूरच्या बाजारात आणून विकतात. प्रॅक्टिस संपली की ही घामेजल्या अंगाने स्टाफरूमच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "सर, आजचा धडा सांगता का?" खेळाडूंमध्ये असं विचारणारी ती एकटीच.

तिच्या घरचा फैसला ठरलेला होता. यंदा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली तर पुढे शिकायचं. नाहीतर उन्हाळ्यात लग्न. "बाबा वाईट नाईत सर," ती सांगायची, "पण त्याइनं मामाले शब्द देऊन ठेवला." निवडीला जायचं तर टीम शाबूत हवी आणि सगळे पेपर पास हवेत. म्हणून ती अभ्यास करायची आणि तिच्या वाटची भीती मी बाळगायचो.

आमच्याकडे चेहरा दाखवून हाजिरी लावायचं मशीन आलं तेव्हाची गोष्ट. सुरेखा महिनाभराच्या कॅम्पहून परतली होती. उन्हाने रापलेली, केस कानापर्यंत कापलेले, गाल बसलेले. मशीनसमोर उभी राहिली तर मशीन म्हणे, ओळख पटत नाही. तोंड धुऊन आली. नाही. ओढणी काढली, केस मागे घेतले. नाही. उद्या कोणी विचारलं की ही पोरगी महिनाभर कुठे होती, आणि आता आली ती हीच कशावरून, तर काय सांगू?

"सुरेखा, हे मशीन तुला ओळखत नाही गं."

"पह्यल्या दिवशी आईनं बी नाई ओळखलं सर," ती म्हणाली. "पण तिनं जेवाले तरी वाढलं."

*

आमचे फिजिकल डायरेक्टर राजन्ना सर. घरी तेलुगू बोलतात, मराठी त्यांनी मैदानावर खेळाडूंकडून उचललेली. गळ्यात कायम शिट्टी. जिल्ह्यात त्यांच्या पोरींचा दरारा, आणि पोरींवर त्यांचा.

एका फायनलला मी गेलो होतो. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, फक्त एवढं दिसत होतं की आपण जिंकत आलो आहोत. पळणारी आमची पोरगी सुरेखाच्या मागे आली, तिने पाठीवर हात ठेवला, पण सर्दीने तिचा घसा बसलेला. शब्द फुटला नाही. सुरेखा जागची हलली नाही. समोरून विरोधी पोरगी निघून गेली आणि आम्ही हरलो.

मी सुरेखावर चिडलो. म्हटलं आता राजन्ना सर हिला सोलून काढतात. सर आले ते थेट सर्दीवालीवर गेले. "हात आला, आवाज कुठं हाय? आवाजाबिगर ती उठली तर फाऊल माझ्या टीमचा!" मग सुरेखाच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे वळले. "सार, हे पोरगी झोपेत बी फाऊल करत नाही."

मला त्यातलं फार समजलं नाही. हरलो, एवढं समजलं.

*

राजन्ना सरांची एकच गोष्ट मला खटकायची. ते स्क्वाडला माझ्याहून जास्त भ्यायचे.

एका दुपारी फाटकातून पांढरी जीप आत आली. बाजूला पिवळी पाटी, आत चष्मेवाले साहेब. मी खिडकीतून पाहिलं. मैदानाकडे धावलो तर मैदान रिकामं. शिट्टी नाही, पोरी नाहीत, चुन्याची रेघ तेवढी होती. शेवटी सामानाच्या खोलीतून कुजबूज ऐकू आली. दार ढकललं. सगळी टीम चटयांच्या मागे दाटीवाटीने बसलेली आणि दारापाशी राजन्ना सर, तोंडावर बोट ठेवून.

जीप वीज खात्याची निघाली. मीटर पाहून गेली.

"पण सर," मी विचारलं, "सगळ्या पोरी आपल्याच होत्या. हाजिरी बरोबर, कागद बरोबर. मग लपवल्या कशाला?"

राजन्ना सरांनी कपाळ पुसलं.

"सवय, सार," म्हणाले.

त्यानंतर कितीतरी दिवस तो शब्द माझ्या कानातून गेला नाही.

*

मग परीक्षा आल्या, आणि परीक्षेच्या आधी बातमी आली. कोणीतरी तक्रार केली होती की जिल्ह्यातल्या काही कॉलेजांत खेळाडूंच्या जागी दुसरेच पेपर लिहितात. चौकशीला एक ऑब्झर्व्हर मॅडम फिरत होत्या. मूळच्या वांकिडीकडच्या, एकेकाळी स्वतः खो-खो खेळलेल्या.

राजन्ना सर मला सायकल स्टँडच्या मागे घेऊन गेले.

"सार, ही मॅडम फोटो बघते, पण फोटोवर विश्वास ठेवत नाही. बासरकडं एका कॉलेजात मागून आली, पाठीवर हात टाकली. पोरगी मान वळवून बघत बसली. डमी! पंचनामा, टीम खतम."

"म्हणजे खेळाडू असेल तर?"

"ताडकन उठते. अंगात असते ना सार, पाठीत असते." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून दाखवली. मी जागच्या जागी उडालो. "असं. सगळ्यांना सांगून ठेवलं, हात पडला की उठायचं. सुरेखाला तुम्ही सांगा, ती तुमच्याकडंच अभ्यास करून राह्यली."

मी पेपरच्या दिवशी सकाळी फाटकापाशी सुरेखाला गाठून सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं.

"हो सर," ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष हातातल्या पुस्तकात होतं.

*

आता शेवटचा.

पेपर इकॉनॉमिक्सचा होता, माझ्या विषयाचा नव्हता, म्हणून त्या हॉलवर सुपरव्हिजनला मी. हॉल टिकेटं तपासत गेलो. पल्लवीच्या बाकावर मुलगी बसलेली. हॉल टिकेटवरचा फोटो बोटाएवढा आणि काळपट, त्यात कोणीही मावलं असतं.

"पल्लवी न?"

"हो सर."

आज पाठीवर ओढणी होती. मी पुढे गेलो.

निम्मा पेपर झाला असेल नसेल, मॅडम आल्या. सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. "नमस्कार सर, तुमचं चालू द्या," एवढंच म्हणाल्या. माझं काहीच चालू नव्हतं, मी भिंतीला टेकून उभा होतो.

मॅडम सुरेखापाशी थांबल्या. हॉल टिकेट उचललं. फोटोत लांब वेणी, भरलेले गाल. एकदा फोटो, एकदा चेहरा.

"हे तू हायेस?"

"हो मॅडम."

हॉल टिकेट हातातच ठेवून त्या हॉलच्या मागच्या टोकाला गेल्या. त्यांच्या शूजचा आवाज येत नव्हता, हे मला फार वाईट वाटलं. बाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी राजन्ना सर उभे होते, शिट्टी दातात धरून.

मॅडम मागून पुढे येऊ लागल्या. आधी पल्लवीचा बाक आला. मॅडमनी अलगद तिच्या पाठीवर हात ठेवला. पल्लवी अशी ताडकन उठली की बाक फरशीवर करकरला.

मॅडम हसल्या. "बस बेटा. लिही."

खिडकीतून राजन्ना सरांनी मला अंगठा दाखवला. माझा श्वास थोडा मोकळा झाला.

मग त्या सुरेखाच्या मागे आल्या. पाठीवर हात ठेवला.

सुरेखा लिहीत होती.

मॅडमनी हात काढला नाही. सुरेखाने ओळ पूर्ण केली, खाली नवा मुद्दा घेतला. खिडकीत राजन्ना सर दोन्ही हातांनी पोतं उचलल्यासारख्या खुणा करत होते, ऊठ, ऊठ. मी मनातल्या मनात ओरडत होतो, ऊठ गं बाई. सुरेखाने मथळ्याखाली पट्टीने रेघ मारली.

मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. एक डमी, पूर्ण टीम घरी. नार्नूरला पडलेला मांडव. माझी ती थरथरती सही. जे सांगायला हवं होतं, की मॅडम, ही खरी आहे, हिला मी शिकवतो, ते माझ्या तोंडातून निघेना. मला स्वतःचा राग आला, पण भीती रागापेक्षा मोठी होती.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

"सुरेखा."

"पाठीवर हात ठेवला. समजलं नाई?"

"समजलं मॅडम."

"मंग उठली काऊन नाई?"

सुरेखाने पेन खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं. सकाळी सांगितलेलं तिला आता आठवलं असावं, चेहरा ओशाळा झाला होता. मग तिने मान वर करून मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी खो कुठं देल्ला?"

मॅडमनी तिच्या पाठीवरचा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. हॉल टिकेट बाकावर परत ठेवलं.

"लिही," म्हणाल्या.

मला रडू यायचं बाकी होतं. सुटलो, पोरगी सुटली. मी खिडकीकडे पाहिलं, राजन्ना सरांना खूण करावी म्हणून. खिडकीत कोणी नव्हतं. चौकटीवर शिट्टी तेवढी पडलेली होती.

मॅडम दाराकडे निघाल्या होत्या. चालता चालता थांबल्या. वळल्या. पुन्हा मागे, पल्लवीच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अन् बेटा," त्यांनी विचारलं, "तू काऊन उठली?"