आघाड्याचा क्षार आणि कारखान्याच्या बरण्या

मॅनेजरसाहेबांनी मडक्यात बोट घातलं, वर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला ओला पांढरा लगदा चिकटला होता.

"वजन वाढवायला पाणी मारलंत ना, शेठ?"

नगरच्या एका औषधी कारखान्यातली ही गोष्ट, लढाईच्या दिवसांतली. मी सोनईचा, काष्ठौषधींचा व्यापारी. म्हणजे वाळलेली मुळं, साली, पाला विकणारा. डोक्यावर भारे वाहून हा धंदा उभा केला. त्या वर्षी आघाड्याच्या क्षाराचा सौदा झाला होता. आघाडा तुम्ही पाहिलेला आहे. बांधावर उगवतो, गणपतीच्या पत्रीत लागतो, त्याचं बी धोतराला चिकटतं. पावसाळा सरल्यावर झाड मुळासकट उपटायचं, वाळवून जाळायचं, राख पाण्यात कालवून वरची निवळ गाळून घ्यायची आणि ती आटवायची. कढईच्या बुडाशी जे पांढरं मीठ उरतं, तो क्षार. खोकल्याच्या औषधात घालतात. गाडीभर झाडं जाळावीत तेव्हा ओंजळभर हाती लागतो.

हा क्षार हवेतलं पाणी ओढतो, म्हणून तो घट्ट बुचाच्या काचेच्या बरणीत ठेवायचा. लढाईमुळे बाजारात बरण्या मिळत नव्हत्या. "बरण्या आम्ही पाठवू," असं याच साहेबांनी सौद्याच्या वेळी सांगितलं होतं. आषाढ लागला तरी बरण्या आल्या नाहीत. मालाचा तगादा मात्र येत राहिला. शेवटी मडक्यांची तोंडं मेणकापडानं बांधून मी गाडी जुंपली. वाटभर भुरभुर चालू होती.

"पानी मारलेलं न्हाई, साहेब. सुकवून तोला. उतरंल ते वजन मला मान्य."

"आमच्या भट्ट्या रिकाम्या नाहीत. मालक उद्या येतील, ते ठरवतील. तोवर राहू द्या इथेच."

उद्यापर्यंत मडक्यांत लापशी झाली असती. साहेबांना हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. माल परत न्यावा, तर 'पाणी मारणारा' ही ओळख माझ्याआधी बाजारात पोचली असती. मग नगरात माझी साधी गुळवेलही कुणी काट्यावर घेतली नसती.

साहेबांनी कपाटातून दुसऱ्या व्यापाऱ्याचा नमुना काढून कागदावर ओतला. वाळूसारखा सरसरीत.

"याला माल म्हणतात."

माझं डोकं फिरलं. चहाच्या शेगडीवर पळी ठेवली आणि माझा चिमूटभर क्षार भाजून खडखडीत केला. तो एका बशीत, त्यांचा दुसऱ्या बशीत. दोन्ही खिडकीत ठेवल्या.

"आता कुनी हात लावू नका. बघू कोन पानी मारतंय."

साहेब हसले आणि कागद चाळत बसले. कोपऱ्यात कारखान्याचे वैद्यबुवा खल घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी बसलो नाही.

दुपारचा चहा आला तोवर माझ्या बशीला घाम फुटला होता. दुसरी तशीच कोरडी.

"म्हणजे तुमचा माल टिकत नाही, एवढंच सिद्ध झालं," साहेब म्हणाले.

मी एक मडकं उचललं आणि वैद्यबुवांपुढे जाऊन उभा राहिलो. "बुवा, बाटलीवर नाव तुमचं जातंय. त्यो दुसरा कोरडा का ऱ्हातो ते बोला. न्हाईतर ही मडकी हितंच फोडतो."

खल थांबला. बुवांनी आधी साहेबांकडे पाहिलं.

"त्यात पापडखाराची भेसळ आहे, तो पाणी ओढत नाही. आघाड्याचा क्षार पावसाळ्यात असाच पाझरतो."

"मग सकाळपास्नं गप का बसला?"

"मला कुणी विचारलं नाही."

पुढची घासाघीस मी केली. भट्टी त्यांची, सरपण त्यांचं, वजन सुकवल्यावर, आणि बरण्या आत्ताच्या आत्ता. साहेबांनी एकेक कबूल केलं. आतल्या खोलीतून हमालानं एक पेटी आणली. फळ्यांच्या फटींतून गवतात नीट बसवलेल्या बरण्या दिसत होत्या, खिळे अजून न उपटलेले, वर माझा सोनईचा पत्ता.

"गाडी मिळाली नसेल," साहेब म्हणाले.

माफी कुणी मागितली नाही. तो कोरडा माल पुढच्या वर्षीही तिथे जात होता, असं ऐकलं. गिऱ्हाइकाला सरसरीत पूड आवडते. मी मात्र तेव्हापासून रिकाम्या बरण्या ओसरीवर आल्याशिवाय आघाड्याला काडी लावली नाही.