फाटकावरचा कॅमेरा

आमच्या हम्बोल्ट जिल्ह्याच्या डोंगरात गांजा पिकवणारे एकमेकांचं आडनावही विचारत नसत, फोटो तर लांबच. मार्लीसने तीस वर्षं असाच चोरून पिकवला. गेल्या वर्षी तिला पिकवायचा सरकारी परवाना मिळाला आणि मागोमाग कुंपण, कुलपं, फाटकावर कॅमेरा, येणाऱ्याची नावानिशी नोंद. कायदेशीर झालो म्हणे!

दर सुगीला कळ्या छाटायला येणारा म्हातारा ऑर्विल फाटकाशीच थबकला. वर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "हे कुणासाठी गं?"

"सरकारसाठी. सही कर नि ये आत."

"जन्मभर तोंड लपवलं, आता नाही जमायचं."

तो माघारी गेला. फेब्रुवारीत तो वारल्याचं कळलं. प्रार्थनेला ठेवायला कुणाकडेच त्याचा फोटो नव्हता. मार्लीस कॅमेऱ्यातलं चित्रण शोधायला धावली. चित्रण नव्वद दिवसच राहायचं, आणि ते उलटले होते; यंत्राने त्याला पुसून टाकलं होतं.