लावून ठेवलेल्या जोड्या

बेशातल्या आमच्या गल्लीनं प्रणाली सोनकुसरेला लग्नं जुळवणारी ठरवून टाकलं होतं. दोष तिचाच. गच्चीत उभी राहून फोनवर मोठ्यानं बोलायची, "जोड्या आधीच लावून ठेवल्या ना, मग काहून थांबून राहिले?" एकदा शेजारच्या मीराबाई पोराचा बायोडाटा घेऊन चहाच्या वेळी हजर!

"काकू, रक्ताच्या जोड्या आहेत ह्या. माह्याजवळ नवरदेव नाही, रक्तदाते आहेत."

"मंग त्यायच्यातच एखादी पोरगी पाहून ठेव वं," म्हणत मीराबाईंनी बिस्किटं संपवली.

प्रणाली एका रक्तपेढीचा डेटाबेस सांभाळायची. सिकलसेलच्या लेकरांना रक्त चढवता चढवता शरीर परक्या रक्तावर डूख धरतं. मग नुसता गट जुळून भागत नाही, रक्तपेशींवरच्या बारीक खुणाही जुळाव्या लागतात. एका तक्त्यात रुग्ण, दुसऱ्यात दाते. पूर्वी दरवेळी रुग्णापुढं सगळे दाते पहिल्यापासून चाळावे लागत. प्रणालीनं तिसरा तक्ता केला, जॉइन इंडेक्स: कोणाला कोण चालतं ते आधीच जुळवलेलं. दात्याचं नाव, फोनही तिथंच, म्हणजे मूळ तक्त्याकडं जायलाच नको. विचारलं की उत्तर तयार.

फक्त मूळ तक्ता बदलला की जोड्याही बदलायला हव्यात. नोंदी करणारे मधुकरराव कुरकुरले, "बाई, एक नाव भरलं की जोड्या लागेस्तोवर मशीन अडून राहते." म्हणून तिनं जोड्या रविवारीच ताज्या करायचं ठरवलं.

गुरुवारी अपेक्षा आली. शाळकरी पोर, ओठ पांढरेफटक. जोडी लगेच निघाली: चंपतराव, कळमेश्वर. फोन प्रणालीनंच लावला.

"ते सोमवारी गेले," पलीकडून त्यांच्या पत्नी, रुख्माबाई, बोलल्या. "तुमच्याकडं कळवलं होतं ना. मंग काहून बोलावून राहिले त्यायले?"

मधुकररावांनी नोंद केली होती. मूळ तक्त्यात चंपतराव गेलेले होते. प्रणालीच्या जोडीत अजून रक्त द्यायला तयार होते.

"मावशी, माफ करा, माझ्याच हातून..."

"कोणाले पाहिजे रक्त?"

"लहान पोरगी आहे."

"मंग माफी राहू दे. आधी दुसरा पाहा लवकर." फोन बंद झाला.

अपेक्षाच्या जोड्यांतला पुढचा माणूस कवडू, खापरखेड्याच्या वीज केंद्रातला. यावेळी प्रणालीनं मूळ तक्ता उघडून पाहिला, मगच फोन लावला. कवडू कामाच्या कपड्यांतच आला. पिशवी जुळली, चढली. संध्याकाळी अपेक्षानं जेवायला मागितलं.

प्रणालीनं त्याच दिवशी बदल केला: मूळ तक्त्यात काहीही हललं, की जोडीही त्याच क्षणी हलणार. मधुकररावांचं मशीन पुन्हा अडायला लागलं. ते हाताची घडी घालून बसून राहत. कुरकुर मात्र नाही.

रविवारचं काम आता उरलं नव्हतं. प्रणाली कळमेश्वरला निघाली, आणि गल्लीत बातमी फुटली की मीराबाईंच्या पोरासाठी स्थळ पाहायला गेली.

रुख्माबाईंनी दार उघडलं. प्रणालीनं वाटभर घोकलेली माफी ओठांवर आणली, तोच त्यांनी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"मंग ये, बस," त्या म्हणाल्या, आणि चंपतरावांची खुर्ची पुढं ओढली.