उंबरावरची लक्ष्मी

आमच्या विजयमालाकाकूंच्या पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा त्या उभ्यानेच पितात. पण अलीकडची त्यांची धावपळ निराळी, आणि तिच्या मुळाशी आहे एक मनी प्लांट.

बेलापूरला आमची सोसायटी डोंगराला टेकून आहे. मागच्या पडक्या भिंतीतून बाहेर पडलं की ओढा, ओढ्याकाठी उंबर आणि पुढे रान. काकू साताऱ्याकडच्या, दत्ताच्या भक्त. शहाजीकाका एपीएमसी मार्केटात माथाडी होते. कोपरखैरणे सोडून इथे घर बघायला आल्या तेव्हा काकूंनी आधी उंबर पसंत केला, फ्लॅट नंतर. दर गुरुवारी त्याच्याखाली त्यांचा दिवा असतोच.

मनी प्लांट म्हणे चोरून आणलेलाच लाभतो. काकूंनी वाशीच्या एका दुकानाबाहेरून कांडं मोडून पदराखाली आणलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या धनाजीला द्रोणागिरीच्या गोदामात नोकरी लागली. झालं! वेलाची लक्ष्मी झाली. पुढे ती गॅलरीतून खालच्या मजल्यावर उतरली, खालच्यांनी कटकट केली, तेव्हा काकूंनी वेल छाटला. पण लक्ष्मी कचऱ्यात टाकायची कशी? त्यांनी ती कांडी उंबराच्या बुंध्याशी लावली.

"दत्ताच्या पायाशी लक्ष्मी! आता काय कमी पडतंय?"

मी म्हटलं, "काकू, दत्त संन्यासी. त्यांना कशाला संसारात ओढता?" दोघीही हसलो.

कुंडीत तळहाताएवढं असलेलं पान उंबरावर सुपाएवढं झालं. लोक फोटो काढायचे, काकू मिरवायच्या. मग एका वर्षी बुंध्यावर उंबरं धरलीच नाहीत. धरायला जागा होती कुठे? पाखरं येईनाशी झाली. श्रावणात पावसाने जड झालेली मोठी फांदी वेलासकट कोसळली.

काकूंची अन्नावरची वासना उडाली. "मीच फास लावला गं त्याला," एवढंच घोकत राहायच्या. उंबराला कोयता लावायचा नाही, म्हणून नखं तुटेपर्यंत त्यांनी हातांनी वेल ओरबाडून काढला. इथवर ठीक. पण काढलेल्या ढिगाचं काय? लक्ष्मीच ती! काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि निर्माल्य सोडतात तशी ओढ्यात सोडून दिली.

पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला जिथे जिथे कांडं अडकलं, तिथे तिथे वेल उभा. करंजावर चढला, ऐनावर चढला, रानात शिरला. उंबराच्या बुंध्याशीही नवे कोंब आले. मला भयंकर राग आला, पण काकूंचं तोंड बघून बोलवेना.

"एवढंसं कांडं, त्यालाबी मुळं फुटत्यात," त्या म्हणाल्या. "अख्ख्या रानाला लावून ठिवलं मी."

तेव्हापासून त्यांना चैन नाही. सकाळी पिशवी घेऊन ओढ्यावर, दुपारी पुन्हा. घरात आल्या तरी गॅलरीतल्या कुंडीकडे बघत नसत. धनाजीच्या गोदामात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. रानातलं एकेक कांडं उपटताना आपण मुलाच्या नोकरीलाच हात घालतोय, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती.

परवाच्या गुरुवारी मी विरजण मागायला गेले. स्वयंपाकघरात वाफच वाफ. गॅसवर आंघोळीच्या पाण्याचं जुनं पातेलं, आणि काकू विळीवर भराभरा वेल चिरतायत. चिकाने हात लाल झालेले. शेजारी गॅलरीतली कुंडी रिकामी.

"काकू, हे काय?"

"शिजवतीय. शिजल्यावर मुळं न्हाईत फुटत."

तेवढ्यात धनाजी ड्युटीवरून आला. रिकामी कुंडी बघून त्याचा चेहराच पडला. "आई, घरातला तरी ठेवायचा! आदीच तिकडं टेन्शन हाय. नोकरी गेली म्हंजे?"

काकूंचा हात थांबला. त्या इतक्या स्वस्थ बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"गेली तर दुसरी बघशील, बाळा," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "उंबर दुसरा कुठनं आणू?"

ओट्याखाली एक कांडं घरंगळलं होतं. ते धनाजीने वाकून उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि पातेल्यात टाकलं.