बिनधुराचे निखारे

कारखान्याच्या चिमणीतून काळा धूर निघाला की मॅनेजर आधी फायरमनच्या नावानं शंख करायचा, म्हणून दोस्तांनी या फायरमनचं नाव 'धुरंधर' पाडलं होतं. एकतीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा लोटून गड्याचे खांदे उतरले होते. पण आगीची नस त्याला ठाऊक होती. काळा धूर म्हणजे आगीला हवा कमी; निम्मा कोळसा न जळताच वर चालला. हवेची झडप जरा उघडली की जाळ पिवळाधमक व्हायचा.

घरी बायकोची छाती भरलेली. डॉक्टरांनी धुराला सक्त मनाई केली होती, आणि खोली तर थंडीनं नुसती गारठलेली. आठवडाभर ती बसूनच झोपत होती. म्हणून रातपाळी संपवून येताना यानं लोखंडी बादलीत लालभडक निखारे भरून आणले. चांगले जळलेले, धुराचा मागमूस नाही. बादली खाटेजवळ ठेवली, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं.

खोली उबेला आली तशी बायको आडवी झाली. हा भिंतीला टेकला. डोकं जड झालं होतं. रातपाळीचा शीण, दुसरं काय. तीही डोकं ठणकतंय म्हणाली. यानं, पडून राहा, म्हणून सांगितलं. मग तिनं पाणी मागितलं, आणि यानं दिलेलं भांडं हातातून सुटलं तरी तिला पत्ताच नाही.

याची नजर बादलीवर गेली. निखाऱ्यांवर बारीक निळ्या ज्योती पळत होत्या. बॉयलरमध्ये दिसल्या असत्या तर त्यानं झोपेतही ओळखलं असतं: कोळसा अर्धवट जळतोय, त्याचा विषारी वायू सुटलाय. त्याला ना रंग, ना वास. तिथं हात आपसूक झडपेकडे गेला असता. इथं झडप त्यानंच गोणपाटानं बुजवली होती.

उठायला गेला तर तोल गेला. रांगत दार गाठलं, ते उघडलं, आणि बायकोला गोधडीसकट ओढत बाहेर आणलं.

बऱ्याच वेळानं तिला ओकारी झाली. तोंड पुसून ती म्हणाली, "अहो, मारायला निघाला होतात काय मला?"

"धूर नव्हता गं."

"धूर असता तर खोकून खोकून मीच तुम्हाला उठवलं असतं."

 आतून दुसरी गोधडी आणून त्यानं तिच्या पायांवर घातली आणि तिथंच, गार फरशीवर, तिचा श्वास ऐकत बसून राहिला.