ताराबाईंच्या शेतातली ससेमोजणी

"डॉक्टरीनबाई, तुमी ससे मोजूनच राह्यल्या! हरभरा माहा उरन काय तोवर?"

ताराबाई धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडत होत्या. त्यांचं त्या हंगामात एवढंच पीक.

मी बाभुळगाव तालुक्यात जनावरांची डॉक्टर. कुण्या हौशी माणसाने ससेपालन काढलं, जमेना म्हणून पिंजरे उघडून मोकळा झाला. पांढऱ्या सशांनी शेतामागच्या टेकडीवर संसार थाटला. आपला रानससा मातकट, एकटा राहणारा, बीळ न करणारा. हे पाहुणे मात्र टोळीने राहतात. धुरा पोखरतात, नव्या रोपांची साल सोलतात, हरभऱ्याचे शेंडे फस्त करतात.

आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "आधी सर्व्हे करा." माणसं कुठली? मग गावातलेच स्वयंसेवक घेतले. दोरीने चौकोन आखायचा, आतल्या लेंड्या मोजायच्या, झाडून टाकायच्या, आठवड्याने पुन्हा मोजायच्या; लेंड्यांवरून सशांचा अंदाज येतो. त्या चौकोनाला आम्ही 'प्लॉट' म्हणतो. एक प्लॉट शाळेच्या मास्तरांकडे होता. ताराबाईंच्या शेताला लागून असलेला दुसरा प्लॉट गावातल्या रहीमभाई मेकॅनिकने हट्टाने मागून घेतला.

आणि दर आठवड्याला त्याच प्लॉटचा आकडा चढायला लागला! साहेबांचा फोन आला. "मॅडम, हे फार झालं. फासे लावा."

तारेच्या फाशाला पांढरा-मातकट कळत नाही. बिचारा रानससाही मरतो. मी मुदत मागून घेतली आणि गाजर ठेवून पिंजरे लावले. एकही ससा फिरकला नाही. गाजराला नाही म्हणणारा ससा मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होते.

एका सकाळी मी न सांगता त्या प्लॉटवर गेले. रहीमभाईची स्कूटर उभी, डिकी उघडी, आत मेथीच्या जुड्या. पायाशी ससे.

"रहीमभाई, हे काय चाललंय?"

"मास्तरच्या प्लॉटात जास्त निघाले तं आपली काय इज्जत राह्यते, मॅडम? अन् दारात आलेल्या पाहुन्याले उपाशी कसं मोजाचं?"

ताराबाई तिथेच होत्या. "वा रे भाऊ! नाश्ता तुह्याकडं अन् जेवन माह्या वावरात!"

मला संताप आला आणि हसूही आवरेना. मी विचारलं, "हे तुम्हाला ओळखतात का?"

"मले नाही जी. हॉर्नले ओळखते."

दुसऱ्या दिवशी साहेब फासे घेऊनच आले. आम्ही जाळीचं कुंपण केलं, एक बाजू उघडी ठेवली, मधे मेथी टाकली. रहीमभाईने दोनदा हॉर्न वाजवला. धुऱ्यातून, झुडपातून ससे धावत सुटले. साहेब चटकन बाजूला झाले. आम्ही जाळी ओढून घेतली. फासे तसेच जीपमधून परत गेले.

ससे एका ससेपालकाकडे पक्क्या पिंजऱ्यात गेले. शेंडे खुडलेला हरभरा उलट जास्त फुटतो, त्यामुळे ताराबाईंचं बरंचसं पीक वाचलं. "पाहुने गेले भाऊ, आता तू डबा घेऊन ये," म्हणत त्यांनी रहीमभाईला हरभऱ्याची भाजी दिली.

सर्व्हे मी अजूनही करते. फक्त स्वयंसेवक नेमायच्या आधी त्याच्या गाडीची डिकी उघडून बघते.