डावीचा फाटा उजवीकडून

अँजिओग्राफी चालू असताना पेशंट जागा असतो, हे मला ठाऊक असतं तर बाबांना आदल्या दिवशीच बजावलं असतं, की आत जे कानावर पडेल ते बाहेर आणू नका.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात, कोपरला. जिना चढताना छातीत भरून यायला लागलं म्हणून त्यांना ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नेलेलं. मनगटातून नळी घालतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडतात आणि त्या पडद्यावर दिसतात. पटकन होईल म्हणालेले, पण बराच वेळ गेला. बाबांना बाहेर आणलं तेव्हा ते छताकडे टक लावून पडलेले.

"माझी एक रक्तवाहिनी नाहीच," ते म्हणाले. "डॉक्टर स्वतः म्हणाले, सापडत नाही."

"सापडली हो काका!" मागून येणारे डॉक्टर हसले. मग मला समजावलं. डाव्या मुख्य वाहिनीला साधारणपणे दोन मोठे फाटे फुटतात. बाबांना तिथे एकच दिसला. दुसरा उजव्या बाजूने निघून, महाधमनीच्या मागून वळसा घेऊन डावीकडे पोचलेला. जन्मापासून तसाच. "काही लोकांची ठेवण असते अशी. रक्त पोचतंय ना, मग झालं. बाकी थोडी चरबी साचलीये, त्याला गोळ्या आणि चालणं पुरे."

मी सुटकेचा श्वास टाकला. घाईच केली.

घरी आल्यावर बाबांनी फोन हातात घेतला आणि एकेकाला कळवायला सुरुवात केली. सगळ्यांना फाटा, वळसा, महाधमनी. गोळ्यांचं मात्र नाव नाही. "मुळात रचनाच वेगळी आहे, तिथे गोळी काय करणार?" मी रोज गोळी आणि पाणी घेऊन त्यांच्यासमोर उभी. ऑफिसला उशीर होतोय आणि हे मला उजवं-डावं शिकवतायत. वर, "तू आणि तुझा भाऊही तपासून घ्या," हा लकडा.

रविवारी शहाडहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण, ऐंशी ओलांडलेली. बसायच्या आधीच रडायला लागली.

"मला माहितीये हे कशाने झालं. तू पोटात होतास ना, तेव्हा ग्रहण लागलेलं. आजी ओरडत होती, तरी आई विळी घेऊन भाजी चिरायला बसली. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आत्या, काहीतरीच काय!" मी म्हणाले.

बाबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. "ताई, आईला यात आणायचं नाही! ती बाई जन्मभर राबून गेली. आता हाही दोष तिच्याच माथी?"

आत्या चहा न घेता निघाली. तिला रिक्षात बसवून मी वर आले, तर बाबा जेवायला तयार नाहीत. पुढे दोघांचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. तिला सांग, त्याला विचार. माझं डोकं उठलेलं. एका निरुपद्रवी वळशापायी माझं घर पोस्ट ऑफिस झालेलं.

पुढच्या तपासणीला ठाण्याला गेलो. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, गोळ्यांवरून बाबांना दटावलं. आम्ही उठलो, पण बाबा दारापाशी थांबले. आयुष्यभर वर्गाला दरडावलेला माणूस एकदम बारीक आवाजात म्हणाला, "डॉक्टर, हे असं होण्यात... माझ्या आईचं काही चुकलं नव्हतं ना?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही काका. कुणाचंच नाही. गर्भात हृदय घडताना एका वाहिनीने वेगळी वाट घेतली, एवढंच. ग्रहण, विळी, काहीही कारण नाही याला."

विळीचं यांना कुणी सांगितलं? अर्थात बाबांनीच, नर्सपासून सगळ्यांना.

"मग हेच माझ्या बहिणीला सांगा," बाबा म्हणाले, आणि मला, "लाव फोन."

बाहेर पेशंट ताटकळलेले. लाजेने मेले मी, पण लावला. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश. पलीकडे आत्याने ऐकून घेतलं आणि स्वतःच्या गुडघ्यांचं विचारलं. त्या माणसाने तेही ऐकून घेतलं.

फोन माझ्याकडे आला. "पोरगेला वाटतो गं आवाज," आत्या म्हणाली. "याला काय माहीत असणार तेव्हाचं? पण म्हणतोय तर आईचं नसेल काही. त्याला दे जरा."

बाबांनी फोन घेतला आणि कॉरिडॉरच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बोलत राहिले. मी औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिले. परतल्यावर बाबा डोळे पुसत म्हणाले, "तिला आईचा आवाज आठवतो अजून. मला नाही आठवत."

संध्याकाळची गोळी त्यांनी कटकट न करता घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाण्याचा ग्लास हातात धरून विचारलं, "पण मग तुझ्या भावाचं एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?"